काट किती जाड असावी

अकोट फैल, अकोला
ता. ७ फेब्रुवारी १९६३

प्रिय माणिक,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. त्यातल्या शेवटच्या चार ओळींचं उत्तर आधी द्यायला हवं, पण ते मी शेवटीच देणार आहे. तू मावशीकडे अमरावतीला गेल्यापासून इथं जे झालं ते तुला लोकांच्या तोंडून तुकड्या-तुकड्यानं कळलंय, आणि प्रत्येकानं त्यात आपापलं मीठ-मिरची घातलीय. मला वाचनालयाच्या नोकरीवरून काढलं, हे खरं. मी देवघेवीची वही जाळली, हे खोटं. मी अध्यक्षांच्या अंगावर दौत फेकली, हे तर साफ खोटं. फेकली असती तर शाई वाया गेली असती, आणि त्या दिवसांत मला शाईची फार गरज होती.

सुरुवात डिसेंबरातल्या पुस्तक-मोजणीत झाली. चिटणीस किसनराव स्वतः कपाटासमोर बसले होते. महारोगावरचं ते पुस्तक त्यांच्या हाती लागलं आणि मागच्या चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्के ते बोटानं मोजू लागले. एकदा दिलेलं पुस्तक दोनदा मुदत वाढवून ठेवता येतं, असा आपला नियम. या पुस्तकाला मी सात वेळा मुदत दिली होती. नियम मी मोडला, हे मी तेव्हाच कबूल केलं. दुसरं कुणी ते पुस्तक मागत नव्हतं आणि त्या वाचकाला अजून हवं होतं, म्हणून दिलं. पण किसनरावांचं लक्ष माझ्या चुकीकडे नव्हतंच. "बाई, हे पुस्तक इतके महिने घरी ठेवणारा माणूस नुसता वाचून नाही राहिला," ते म्हणाले. "त्याले रोग आहे. कोण आहे तो?" आणि हातातलं पुस्तक त्यांनी टेबलावर असं टाकलं, की जणू ते चावलं.

आठ दिवसांत कार्यकारिणीची बैठक. पाच माणसं, एक टेबल, आणि मी दाराजवळ उभी. खुर्ची रिकामी होती, पण बस कुणी म्हटलं नाही. त्यांना वाचकाचं नाव हवं होतं. त्याचं सभासदत्व रद्द करायचं, शाळेत किंवा कचेरीत असेल तर तिथं कळवायचं, आणि त्यानं आजवर नेलेलं प्रत्येक पुस्तक रॉकेल ओतून जाळायचं, असं ठरवूनच आले होते. मी छापील नियमावली पुढे केली. चौदावा नियम वाचून दाखवला, की एका वर्गणीदाराची नोंद दुसऱ्या वर्गणीदाराला दाखवू नये. अध्यक्ष हसले. "आम्ही वर्गणीदार नाही, पंचफुलाबाई. आम्ही कार्यकारिणी आहोत." मी म्हटलं, "तुम्ही सातव्या नंबरचे वर्गणीदार आहात, साहेब. मागच्या महिन्यातलं पुस्तक अजून तुमच्याकडेच आहे." कुणीतरी खोकलं. मग किसनराव जे बोलले ते तुला कुणी सांगितलं नसेल. ते म्हणाले, "तुमच्या समाजातल्या मुलीले आम्ही या खुर्चीवर बसवलं, हे विसरू नका."

माणिक, मी काहीच विसरत नाही, हीच तर त्यांची अडचण आहे. माझी पाटी मास्तर लांबूनच तपासायचे, तिला हात लावायचे नाहीत. बरोबर असलं तर मान हलवायचे. हात लागला म्हणून वस्तू टाकून द्यायची, हे मला कुणी नव्यानं शिकवायला नको होतं. दीक्षेच्या वर्षी माझ्या बापानं सगळं मागे टाकलं, आणि आता सहा वर्षांनी हे पाच जण माझ्याच हातून दुसऱ्या कुणाला वाळीत टाकायला निघाले होते!

एक गोष्ट तुझ्याजवळ कबूल करते. त्या पाच जणांतला कोण काय वाचतो, काय धोतराच्या सोग्याखाली लपवून नेतो, कोण कोणतं पुस्तक बायकोच्या नावावर काढतो, हे मला पाठ होतं. तोंडाशी आलं होतं. एक वाक्य टाकलं असतं तर बैठक तिथंच मोडली असती. दात आवळून उभी राहिले. त्यांची नावंही नावंच होती, आणि तीही माझ्याकडेच ठेवायला दिलेली होती.

त्यांनी मला सोमवारपर्यंत मुदत दिली. नाव सांगा, नाहीतर वही द्या, आम्ही शोधून काढू. आता वहीत प्रत्येक सभासदाचं एक पान. ते एकच पान फाडलं असतं, तर कोणतं पान गेलं यावरूनच नाव कळलं असतं. शुक्रवारी सकाळी मी पुन्हा नियमावली घेऊन बसले आणि नववा नियम सापडला: पुस्तक परत आल्यावर त्याची ओळ काट मारून रद्द करावी. आजवर आपण बारीक रेघ मारत होतो, खालचं सगळं वाचता येई. काट किती जाड असावी हे नियमात कुठंच लिहिलेलं नाही. मी जाड टोकाचा बोरू घेतला, दौत भरली आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. तीनशे चाळीस पानं. अध्यक्षांचं पान, किसनरावांचं पान, त्यांच्या सुनेचं पान. परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या ओळीवर काळीभोर पट्टी. हे मी दिवसाउजेडी केलं, देवघेवीच्या टेबलावर बसून, वाचक येत-जात असताना. पेन्शनीतले पोस्टमास्तर सूर्यभानजी रोजच्यासारखे पेपर वाचायला आले, चष्म्यातून बराच वेळ बघत राहिले. "काय करून राहिली, पोरी?" मी सांगितलं. ते म्हणाले, "लोकायची पत्रं चाळीस वर्षं माझ्या हातातून गेली. एक नाही वाचलं मी." आणि टीपकागद घेऊन शेजारी बसले. मी काट मारायची, ते टिपायचे. शनिवारी संध्याकाळी शेवटचं पान झालं तेव्हा दोघांचीही बोटं काळी होती.

सोमवारी किसनरावांनी वही उघडली, चार पानं उलटली, मग मधलं उघडलं, मग शेवटचं. त्यांचा चेहरा मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. त्याच दिवशी मला कामावरून काढल्याचा कागद मिळाला.

घरी बाबांना सांगणं मात्र अवघड गेलं. घरात पगाराची नोकरी माझी पहिली. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. "नोकरी गेली तं गेली," ते म्हणाले. "पण ते नाव कोनाचं व्हतं, मले तं सांगशीन?" मी म्हटलं, "नाही, बाबा. तुम्हालाही नाही." ते म्हणाले, "मंग बराबर हाय." आणि आईला चहा ठेवायला सांगितला. सध्या मी आईबरोबर जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाते. ग्रंथालयाचा कोर्स केलेली बाई म्हणून बायका मला चिडवतात, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून पेपर वाचून घेतात.

आता तुझ्या चार ओळी. रविवारी वाचनालयाची वार्षिक सभा आहे हे तुला कळलंय. तू सकाळच्या गाडीनं येणार, भर सभेत उभी राहणार आणि सांगणार, की ते पुस्तक तुझ्याकडे होतं, म्हणजे मला नोकरीवर परत घेतील. माणिक, येऊ नकोस. तू ते पुस्तक मागायला आलीस त्या दुपारी वाचनालयात कुणी नव्हतं. तू बाही वर केलीस, मनगटावरचा चट्टा दाखवलास, म्हणालीस, इथं टाचणी टोचली तरी कळत नाही. मी तिथं हात ठेवला, आणि तू रडलीस. डॉक्टर म्हणतात ना, गोळ्या लागू पडल्यात आणि तुझ्यापासून कुणाला काही व्हायचं नाही? मग ते कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तू ठरव. तुझ्या शाळेतल्या मुलींना उद्या स्वतःहून सांगितलंस तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. पण किसनरावांनी मागितलं म्हणून नाही, आणि माझ्यासाठी तर मुळीच नाही. नोकरी मला हवी आहे. रोज सकाळी त्या रस्त्यानं जाताना पाय आपोआप वाचनालयाकडे वळतात. रविवारी मी स्वतः सभेला जाणार आहे आणि ती मागणार आहे, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. देतील किंवा न देतील. पण तुझ्या नावाच्या बदल्यात मिळणार असेल, तर मला ती नको.

तुझीच,
पंचफुला