अण्णांचं जेलीफिश

बसवनगुडी, बेंगळुरू
१२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अण्णा,

साष्टांग नमस्कार. पाया पडते आहे, पण या वेळी ऐकून घ्यायला नाही, ऐकवायला.

इकडे सगळं ठीक. कडलेकाई परिशे, आपली भुईमुगाची जत्रा, तोंडावर आली. बुल टेंपल रोडवर भुईमुगाच्या राशी पडायला लागल्यात आणि माझ्या दारापर्यंत यायला एकही ऑटो तयार होत नाही. गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारी गप्प बसतो. शारदावहिनींची शुगर कशी आहे? तुमचं राजाजीनगर इथून मेट्रोने हाकेच्या अंतरावर, आणि सख्ख्या भावाला मी पोस्टाने पत्र पाठवते आहे. मार्चपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, त्याला मी तरी काय करू?

रविवारी आशय निमंत्रण घेऊन आला होता. कार्ड सुंदर आहे. तुमच्या कॉलेजात तुमच्या नावाचं दालन, मधोमध काचेच्या पेटीत तो दगड, आणि पाटीवर सोनेरी अक्षरांत, ‘प्रा. नरसिंहराव यांनी शोधलेलं जगातलं सर्वांत जुनं जेलीफिश’. तुमचा मुलगा चहा पिता पिता म्हणाला, “आत्या, स्वल्प थांब ना गं. तेवीस तारखेचा समारंभ होऊन जाऊ दे. मग तुला काय छापायचं ते छाप.”

“आणि समारंभाला यायचं की नाही मी?”

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “तुझा गुडघा दुखतोय ना?”

दुखतोय. तरी मी येणार आहे. आणि लेखही मागे घेणार नाही.

तुम्हाला शिकवायची माझी लायकी नाही. तुमचंच बोट धरून मी भूशास्त्रात आले. पण हे पत्र वहिनीही वाचतील, म्हणून सोपं करून लिहिते. जेलीफिशला हाड नाही, कवच नाही, नुसतं पाणीच पाणी. वाळूवर आलं की उन्हात आटून जातं. म्हणून त्याचा ठसा दगडात सापडणं हे भाग्यच. कॅनडात पन्नास कोटी वर्षांपूर्वीची जेलीफिश मिळाली, ती बारीक चिखलात पुरली गेली म्हणून. त्यांचे तंतूसुद्धा दिसतात. त्याहून जुन्या दगडांत जगभर नुसत्या गोल चकत्या मिळतात. आधी सगळ्यांनी त्यांना जेलीफिश म्हटलं. मग कळलं, की त्यातल्या कितीतरी चकत्या म्हणजे समुद्राच्या तळाला धरून राहणाऱ्या कुठल्यातरी मऊ जिवाचे पाय आहेत, चिखलात रुतलेल्या गड्ड्यासारखे.

तुमचा मुद्दा वेगळा होता. आपल्या चकतीचा फुगवटा थराच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे जेलीफिश किनाऱ्यावर पडलं, पोटात वाळू भरली, तिचा उंचवटा राहिला आणि पुढच्या भरतीने तो झाकला. मुद्दा बिनतोड आहे, पण ते अंग खरोखर वरचं असेल तरच.

त्या दगडाचा तुटलेला कोपरा तुम्हीच मला दिला होता, वरची बाजू दाखवणाऱ्या तुमच्या तांबड्या बाणासकट. इतकी वर्षं माझ्या टेबलावर कागद दाबून बसला होता. मार्चमध्ये मी तो बोम्मसंद्र्याला ग्रॅनाइट कापणाऱ्या रविकुमारकडे नेला. तो म्हणाला, “इष्टेना, मॅडम? एवढ्याशात किचनचा कट्टा कसा होणार?” आम्ही दोघं हसलो. मग त्याने कापलेला तुकडा धुऊन हातात दिला, मी भिंग लावलं आणि माझं हसू गेलं. पाण्यात जाड वाळू आधी बसते, बारीक नंतर. प्रत्येक थरात जाड कण खाली असायला हवेत. इथे प्रत्येक थरात ते तुमच्या बाणाच्या टोकाकडे होते, तुम्ही ‘वर’ म्हणून दाखवलेल्या बाजूला.

दगड उलटा आहे, अण्णा. फुगवटा वर आलेला नाही, खाली चिखलात गेलेला आहे. ते जेलीफिश नाही.

हे मी आधी कुणालाही सांगितलं नाही. कापलेला तुकडा रुमालात बांधून तुमच्याकडे आले. तुम्ही तो ट्यूबलाइटखाली धरलात, बराच वेळ. मग माझ्या हातात परत दिलात, “कॉफी घेऊन जा” म्हणालात आणि आत निघून गेलात. लोकांना वाटतं, पटलं नाही म्हणून तुम्ही अबोला धरलात. मला माहीत आहे, तुम्हाला तिथल्या तिथे पटलं होतं.

मला एकच कोडं पडलं होतं. बाण काढल्याशिवाय हातोडा लावायचा नाही, हा तुमचा नियम. जागेवरून हलला की कुठलाच दगड सांगत नाही माझं तोंड कुठे होतं, म्हणून आधी तांबड्या रंगाने आभाळाकडे बाण. एका मुलाने तो काढला नाही म्हणून तुम्ही त्याला भर उन्हात टेकडीवर परत पिटाळलं होतंत. असा माणूस बाण चुकेल कसा?

इथवर लिहून मी उठले, कुकर लावला, उगाच गॅलरीतल्या झाडांना पाणी घातलं. पुढचं लिहायचं जिवावर येतंय. पण लिहिते.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला होता. तुम्हाला बहुतेक ठाऊक नसेल. रागातच होत्या. “तुझ्यापायी राहिला तो बाण,” त्या म्हणाल्या. “आणि आता तूच त्यांना चारचौघांत उघडं पाडतेस? सुम्ने, गप्प बस की गं.”

तेव्हा मला कळलं. दगड हातोडा लावण्याआधीच आपोआप सुटा झाला होता, रंगाचा डबा जीपमध्येच होता, आणि खाणीच्या ऑफिसातून मल्लाप्पा धावत आला. होसूर रोडवर लॉरीने तुमच्या मेहुण्यांना, नागनाथांना ठोकरलं, असा बेंगळुरूहून निरोप होता. तुम्ही दगड तसाच जीपमध्ये टाकलात, कोपरा तेव्हाच तुटला, आणि निघालात. बाण नंतर घरी नुसत्या आठवणीवरून काढलात.

मला तो दिवस फार थोडा आठवतो. हॉस्पिटलच्या बाकावर मी बसले होते, आणि खाणीची धूळ केसांत घेऊन तुम्ही समोर येऊन उभे राहिलात, एवढं आठवतं. नागनाथ गेले. तेरावा होईपर्यंत तुम्ही माझ्या घरातून हलला नाहीत. माझी बांगडी कुणाला उतरवू दिली नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांशी भांडलात. आणि या सगळ्यात बाणाचं एका शब्दाने मला सांगितलं नाहीत, कधीच.

फोन ठेवून मी खूप रडले. लेख मागे घेते, असं संपादकांना लिहायलाही बसले. मग मला तुमचा राग आला. अजून आहे. माझ्या वाईट दिवशी तुम्ही मला सावरलंत, ते मी विसरणार नाही. पण तो दिवस त्या काचेच्या पेटीखाली टेकू म्हणून लावू देणार नाही. तुम्ही बाण सोडून माझ्याकडे आलात, बरोबर केलंत. जगातली सगळी जेलीफिश त्यावरून ओवाळून टाकीन. पण म्हणून काही दगड सुलटा होत नाही. तुम्ही माझ्याजागी असता तर लेख मागे घेतला असतात का? मला तर तुम्ही त्या मुलामागोमाग टेकडीवर पिटाळलं असतंत.

आशय म्हणतो, समारंभापर्यंत थांब. खरं तर तुम्ही असेपर्यंत थांब, हे तो बोलत नाही, पण मला कळतं. तुम्ही गेल्यावर हे कुणीतरी छापणारच. तेव्हा लोक तुमच्यावर हसतील आणि तुम्ही उत्तर द्यायला नसाल. आज तुम्ही स्वतः सांगू शकता. त्यात तुमचं काय जाणार आहे? जेलीफिश आजसुद्धा लहानपणी तळाला चिकटूनच वाढतं, पोहायला नंतर लागतं. त्या आधीच्या काळातला, तळाला धरून बसलेला एक जीव तुम्हाला सापडला आहे. हे लहान आहे का? पाटी बदलायची आहे, दालन नाही. संपादकांना मी सांगून ठेवलंय, लेखावर दुसऱ्या नावाची जागा आहे. तुमचं नाव तिथे हवं असेल तर ते पहिलं जाईल.

तेवीस तारखेला मी इरकली नेसून पहिल्या रांगेत बसणार आहे. तुम्ही उठून खरं बोललात, तर माझ्याएवढ्या जोरात टाळ्या कुणी वाजवणार नाही, आणि कुणी हसलं तर त्याची गाठ माझ्याशी आहे. तुम्ही बोलला नाहीत, तर मी उठेन. त्यानंतर पुन्हा माझं तोंड पाहिलं नाहीत तरी चालेल.

नाही, चालणार नाही, अण्णा. मला ते सोसणार नाही. पण मी उठेन.

आजवर फक्त तुमचंच ऐकलेली,
प्रतिमा