ओरेस्तेचं सोन्याचं घड्याळ

४ ऑक्टोबर
संकल्प : यापुढे नवं जुनं घड्याळ घ्यायचं नाही. कपाट भरलं.
दुपारी खालच्या मजल्यावरच्या एर्सिलियाबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, दुइलिओ, अख्ख्या फाएन्झात घड्याळातलं तुलाच कळतं, आमच्या ओरेस्तेचं तेवढं बघ, खरं आहे ना. (बरोबर आहे. फक्त माझ्या बायकोला, निवेसला, हे पटत नाही.) ओरेस्ते, बाईंचा नवरा, जानेवारीत वारला. तरुणपणी स्वित्झर्लंडात गवंडी होता. एक अख्खा हिवाळा रात्रीचं न जेवता हे सोन्याचं घड्याळ घेतलं आणि तेच घालून बाईंना मागणी घालायला गेला. आमच्या जिन्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.
मागचं झाकण उघडलं. सोन्याची छाप अस्सल. आतलं मशीन अस्सल. कडा धारदार, म्हणजे पॉलिश कधीच झालेलं नाही. तबकडी सायीच्या रंगाची. झाकण परत लावताना दोनदा घसरलं. जेवण नीट झालं नव्हतं.
म्हणालो, खोटं आहे, पितळेवर मुलामा. बाईंच्या भल्यासाठीच. खरं सांगितलं असतं तर कुणीतरी त्यांना लुबाडलं असतं.
बाईंनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, म्हणजे त्या हिवाळ्यात तो जेवत होता?
म्हटलं, जेवत असणार.

९ ऑक्टोबर
बाईंनी ओरेस्तेचा फोटो भिंतीवरून काढला. म्हातारपणी माणसं हळवी होतात.
बारमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं, ओरेस्तेचं घड्याळ नकली. दुसरं गिऱ्हाईक नको. प्लॅनिंग लागतं.

१३ ऑक्टोबर
बाई स्वतः वर आल्या. घड्याळ टेबलावर ठेवलं. मी पैसे पुढे केले, तर घेईनात. खोट्या वस्तूचे पैसे पचायचे नाहीत, म्हणाल्या. ठेव नाहीतर कचऱ्यात टाक, मला घरात नको. वर मला तसदी दिली म्हणून चीज भरून हाताने वळलेल्या कप्पेलेत्ती पास्त्याचा डबा.
निवेसने विचारलं, खरंच खोटं आहे? म्हटलं, मला शिकवू नकोस.
कप्पेलेत्तीत मीठ कमी.

१४ ऑक्टोबर, सकाळ
संकल्प : घड्याळाला हात लावायचा नाही. जुनं घड्याळ जसं आहे तसंच ठेवावं. बारमध्ये किती जणांना हे मीच शिकवलं.

संध्याकाळ
जरासं पुसलं, एवढंच.

१५ ऑक्टोबर
पुसलेली बाजू चकाकते, म्हणून दुसरी मळकट वाटायला लागली. बॅलन्स हवा. पॉलिशच्या मशीनवर धरलं. तबकडी पावाच्या ओल्या गराने टिपली. कंपनीचं नाव किंचित फिकं झालं. खानदानी वस्तूला नाव मिरवावं लागत नाही.

२२ ऑक्टोबर
बोलोन्याला जाऊन दाखवलं. घड्याळवाल्याने भिंग लावलं, काढलं आणि विचारलं, कोणत्या गाढवाने घासलं? मी म्हणालो, आधीच्या मालकाने. तो म्हणाला, वस्तू अस्सल होती, अशी आता बघायला मिळत नाही. पण कडा गेल्या, बाहेरची छाप गेली, नाव गेलं, आता सोन्याच्या वजनावर घेईन.
हल्ली दुकानात कुणालाही बसवतात. विकणार नाही. वापरणार.

२ नोव्हेंबर
मृतांचा दिवस. कबरस्तानात सगळं गाव. सगळ्या कबरींवर शेवंती, ओरेस्तेची मोकळी. एर्सिलियाबाई आल्या होत्या, पण फुलं स्वतःच्या आईच्या कबरीवर ठेवून उभ्या राहिल्या.
माझी बाही वर सरकली. बारमधला दिनो म्हणाला, हे तर ओरेस्तेचं नकली! दुसऱ्याला अक्कल शिकवतोस आणि स्वतः पितळ मिरवतोस होय रे? सगळे हसले. खरं अगदी ओठांवर आलं होतं.
तेवढ्यात बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, दुइलिओ, तू ते हातात घातलंस, म्हणून विचारते. पुन्हा बघितलंस का? खोटंच आहे ना?
सगळे ऐकत होते. म्हणालो, खोटंच आहे, बाई.
त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, तो निदान बायको मिळवायला खोटं बोलला. तू कशासाठी घालतोस?
निवेसने आमच्या आईच्या कबरीवरची अर्धी शेवंती उचलली आणि ओरेस्तेच्या कबरीवर ठेवली. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.
अजून जेवायला हाक नाही. किती वाजले बघायला गेलो. पावाची ओल आत गेली असावी, घड्याळ बंद आहे.