बारा घोड्यांचा पालक

१८ ऑक्टोबर, सकाळी १०

निकीफोरदादाला आज याकुत्स्कच्या हॉस्पिटलात नेलं. खुब्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, मेपर्यंत घोड्यावर बसायचं नाव काढू नका. दादाचा चेहरा बघवेना. मीच पुढे झालो. म्हटलं, दादा, हिवाळाभर तुझा कळप मी सांभाळतो. मागान नावाचा घोडा आणि अकरा घोड्या, बारा जिवांची जबाबदारी माझी.

दादा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. गहिवरला असणार. मग स्ट्रेचरवरून हळूच म्हणाला, "केशा, त्यांना काही करू नकोस."

काळजी सोड, म्हटलं. एकतीस वर्षं जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कचेरीत काढली आहेत. लाखभर घोडे माझ्या हाताखालून गेले असतील. कागदावर गेले हे खरं, पण गेले.

१९ ऑक्टोबर

संकल्प. एप्रिल संपेपर्यंत कुरणावरच्या दादाच्या झोपडीत मुक्काम. गावात पाय ठेवायचा नाही. पहाटे पाचला उठायचं. प्रत्येक घोड्याची रोज वेगळी चौकशी. व्होडका बंद (चुलीतल्या आगीला पहिला घोट द्यावा लागतो, तेवढी चालेल). आणि उघड्यावरच्या अश्वपालनावर एक सायंटिफिक पुस्तक. मांडणी डोक्यात तयार आहे.

वार्वाराला प्लॅन सांगितला. ती पोळ्या भाजत होती. मागे न वळता म्हणाली, "तू? अंगणातून लाकडं आणायला जाताना दोनदा मफलर शोधतोस." बायकोनं असं बोलू नये. पण बॅग तिनंच भरली. सहा जोड मोजे.

२३ ऑक्टोबर, उणे १४

झोपडी लहान पण ठीक. चूल धुरावते. घोडे तळ्यापलीकडे चरतात. खुरांनी बर्फ उकरतात आणि खालचं गवत खातात. मी हाक मारली. कुणी मान वर केली नाही. नवीन आहेत, म्हणजे मी नवीन आहे. होईल ओळख.

दुपारी आकुलिना मावशी आली, घोड्यावर बसून. वय एकाहत्तर. तळ्याच्या पलीकडच्या काठाला तिची झोपडी, स्वतःचे आठ घोडे. नवरा गेल्यापासून एकटीच बघते. येताना गोठलेला मासा आणि दुधाच्या गोठलेल्या तीन चकत्या घेऊन आली. गावात माझ्याबद्दल आदर आहे तो असा दिसतो. तिनं माझी चूल बघितली, लाकडं बघितली, बूट उलटे करून त्यांचे तळ बघितले. घोड्यांकडे एकदाही बघितलं नाही. जरा निष्काळजीच वाटली.

२ नोव्हेंबर, उणे ३१

मन विदीर्ण झालं. घोड्यांच्या पाठीवर चार-चार बोटं बर्फ साचलेला, आणि ती मुकी जनावरं तशीच उभी. मी स्वतः जाऊन हातानं झाडायला लागलो. मागाननं दंडाला चावा घेतला. कोट जाड होता म्हणून वाचलो.

आकुलिना मावशी लांबून ओरडत आली. म्हणाली, "अरे, पाठीवरचा बर्फ वितळत नाही म्हणजे आतली ऊब आतच आहे. वितळायला लागला की मग रड."

जुन्या लोकांची समजूत म्हणून वहीत टिपून ठेवलं. प्रकरण दुसरं.

६ नोव्हेंबर

पहाटे पाचचा संकल्प सातवर आणला. पाचला अंधार असतो, घोडे दिसत नाहीत. मग उठून काय बघायचं? सातलाही अंधारच असतो. नऊ हीच खरी सायंटिफिक वेळ.

१९ नोव्हेंबर, उणे ३८

ऐतिहासिक दिवस. गावातल्या सांस्कृतिक भवनाचा जुना लाल मखमली पडदा वार्वारानं फाडून सहा झुली शिवून पाठवल्या. (सोबत चिठ्ठी. "घोड्यांना विचारलंस का?")

झुली घालण्याचा कार्यक्रम सकाळी दहाला सुरू. अकराच्या सुमाराला दोन झुली मागानच्या पायाखाली. एक झाडाला. दोन कुठे गेल्या माहीत नाही. कुगास मात्र शांत उभी राहिली. ही लालसर घोडी दादाची बसायची, माणसाची सवय आहे तिला. शिवाय गाभण. तिला झूल छान बसली. सोनेरी झालर पोटाखाली आली. फोटो काढला. पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी.

२१ नोव्हेंबर

आकुलिना मावशी आली, चाकू काढला आणि कुगासच्या झुलीचे पट्टे कापून टाकले. खालचे केस ओले, चपटे झालेले. बाहेरची हवा लागताच त्यांचा कडकडीत बर्फ व्हायला लागला. मावशीनं गवताच्या पेंढीनं तासभर तिचं अंग चोळलं. मीही चोळलं, दुसऱ्या बाजूनं, सुमारे दहा मिनिटं.

"तुझा कोट ओला करून परत तुझ्याच अंगात घालू का?" असं विचारत होती मला. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला.

निष्कर्ष: मखमल अयोग्य. प्रयोग त्या दृष्टीनं यशस्वी.

१२ डिसेंबर, उणे ५२

दाट धुकं. श्वास सोडला की तो हवेतच गोठतो आणि कानाशी खसखस असा आवाज होतो. घोडे दिसत नाहीत. आज मोजणी फुरफुरण्याच्या आवाजावरून केली: बारा. कदाचित नऊ.

मी आत चुलीपाशी बसूनही गारठतो आणि गाभण कुगास बाहेर. माणूस आहे मी, दगड नाही. झोपडीमागं दादाचा जुना गोठा रिकामा आहे. दुपारीच तिला साखर दाखवून आत नेलं, गोठ्यातली चूल पेटवली, फटींत गवत कोंबलं, दार लावलं. आत जाऊन थर्मामीटर बघितला. अधिक १८! स्वतः थोडा वेळ तिथेच बसलो. फार बरं वाटलं. तिलाही वाटलं असणार.

१३ डिसेंबर, सकाळी ९

कुगास घामानं निथळत होती. हवा मिळावी म्हणून दार उघडलं. ती धडपडत बाहेर पळाली. पाच मिनिटांत अंगावरचा घाम गोठला. अशी थरथरायला लागली की तिचे दात ऐकू येत होते.

सायंकाळी: खोकते आहे.

१६ डिसेंबर

आकुलिना मावशी तीन दिवस गोठ्यातच आहे. चूल विझवली. दार रोज वीतभर जास्त उघडते, घोडीला पुन्हा थंडीची सवय करते आहे. गरम पाण्यात कालवलेला कोंडा. माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली. "हजारो वर्षांत या घोड्यांनी कुणाकडे छप्पर मागितलं नाही. तुझ्याकडेच कसं काय मागितलं रे?"

मागितलं नव्हतं हे मला मान्य आहे. पण चांगल्या माणसाला सगळं मागावंच लागतं का?

२९ डिसेंबर, गाव

पुस्तकासाठी काही संदर्भ बघायचे होते म्हणून आठवड्यापुरता घरी आलो आहे. कुगासचा खोकला कमी आहे. माझाही.

आज जिल्हा रेडिओवाल्यांचा फोन. "कडाक्याच्या थंडीत घोड्यांबरोबर" अशी मालिका करतात. मी म्हणालो, मी त्यांच्यातच राहतो, त्यांचा श्वास माझा श्वास. वार्वारानं तेवढ्यात विचारलं, साय-साखर घेणार का, तुझ्या हुकमाप्रमाणे घुसळली आहे. हे रेकॉर्ड झालं. रेडिओवाली मुलगी हसली. ते कापतील म्हणाली.

कापलं नाही.

१ जानेवारी

नव्या वर्षाचा संकल्प: घोड्यांना हात लावायचा नाही. केवळ नेतृत्व करायचं.

१७ जानेवारी, उणे ४६

झोपडीत परतलो तर कळप गायब! खुणा उत्तरेकडे टेकडीपलीकडे गेलेल्या. मागाननं माझ्या गैरहजेरीत सगळ्यांना फूस लावली. आकुलिना मावशीला कळवायला तिच्याकडे गेलो नाही. प्रत्येक गोष्टीत तिला का विचारायचं? दादाची स्नोमोबाईल काढली आहे. सकाळचे अकरा, निघतो.

१९ जानेवारी, आकुलिना मावशीची झोपडी

डाव्या हातानं लिहितो आहे. उजवा बांधलेला.

आठ किलोमीटरवर स्नोमोबाईलचा पट्टा तुटला. चालत निघालो. दोन तास तरी चाललो असेन. पाय आधी दुखत होते, मग दुखायचे थांबले. मला वाटलं, चला, सराव झाला. मग टेकडीच्या आडोशाला कळप दिसला. बाराच्या बारा. गुडघाभर बर्फात तोंड खुपसून मजेत चरत होते. आमच्या कुरणातलं गवत संपलं होतं म्हणून मागान त्यांना इथे घेऊन आला होता. हे त्यानं मला सांगायला हवं होतं.

वारा सुटला. मी कुगास आणि एका करड्या घोडीच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. त्या जराही सरकल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. कुगासच्या मानेखालचे केस दाट, लांब, आत हात घातले. तिथे उभा राहून मला रडू आलं. पापण्या चिकटल्या. रडणं बंद केलं.

आकुलिना मावशी खुणा बघत बघत आली. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "मावशी, हरवलेला कळप सापडला."

"कळप हरवला नव्हता," ती म्हणाली. "तू हरवला होतास. नाकाला हात लावू नकोस, गळून पडेल."

पडलं नाही. शेंड्याची सालं निघत आहेत. उजव्या हाताची दोन बोटं काळी-निळी. राहतील म्हणते.

११ फेब्रुवारी

कुगास गाभडली. शिंगरू सकाळी बर्फात सापडलं. एवढंसं. चारही खुरं तयार होती.

झूल तर दोनच दिवस होती. गोठ्यात एकच दिवस. थंडीही यंदा जास्त आहे. रेडिओवरही म्हणाले तसं.

मावशीला विचारलं, थंडीनं झालं का. ती म्हणाली, "थंडीनं नाही."



१२ फेब्रुवारी

कुगासच्या बरगड्या दिसतात. बर्फ उकरायची ताकद नाही. दादाच्या गंजीतून गवत आणून टाकलं. माझ्याकडे पाठ करून खाल्लं.

१३ फेब्रुवारी

गवत.

१४ फेब्रुवारी, उणे ४९

गवत. दोनदा.

२० फेब्रुवारी

गवत. स्लेजची दोरी बोटांना लागते. डावा खांदा वापरतो. मावशी म्हणाली, गवत वाऱ्याच्या आड टाक. टाकलं.

८ मार्च

वार्वाराला महिला दिनाचा फोन करायला टेकडीवर चढलो, तिथे रेंज येते. तिनं विचारलं, पुस्तकाचं कुठवर आलं. म्हटलं, वेळ मिळत नाही. ती म्हणाली, मोजे आहेत ना?

गवत दिलं. पहाटे साडेपाचला. आता उजाडायच्या आतच जाग येते, काय करायचं.

३० मार्च, उणे १२

ऊन. छपरावरून थेंब गळतात. कुगास आज स्वतः खुरानं बर्फ उकरून खात होती. मी गवत घेऊन गेलो तर हुंगलं आणि सोडून दिलं. हे बरंच झालं. गवत परत ओढून आणताना जड लागलं.

२४ एप्रिल

आजवर सहा शिंगरं. सगळी आपोआप, रानात. मी कुठेही नव्हतो. आकुलिना मावशी म्हणाली, म्हणूनच.

पुस्तकाची मांडणी नव्यानं करायला हवी. बहुधा छोटं होईल.

२ मे, दुपार

निकीफोरदादा आला, काठी टेकत. मी हात पुढे करून उभा. तो आधी आकुलिना मावशीकडे गेला. विचारलं, कसा गेला हिवाळा.

मावशी म्हणाली, "सगळे तरले. कुगासचं शिंगरू गेलं. याच्या नाकाची सालं गेली, बाकी ठीक."

दादा कुगासपाशी गेला. बरगड्या चाचपल्या, मानेवरून हात फिरवला. म्हणाला, हिला गवत कुणी घातलं. मावशीनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. मी सांगणार होतो, झुलीचं, गोठ्याचं, सगळं.  दादानं सिगारेट पेटवली, अर्धी ओढली, उरलेली मला दिली.

मग एका तांबड्या शिंगराकडे काठी रोखून मावशीला म्हणाला, "ते तुझं. आईचं दूध सुटलं की ने."

हे मात्र मला लागलं. म्हटलं, दादा, हिवाळाभर कळप मी सांभाळला. शिंगरू मावशीला कशाबद्दल?

मावशी इतकी हसली की तिला कुंपणाला धरावं लागलं. दादा हसला नाही. म्हणाला, "घोड्यांबद्दल नाही रे. घोडे आपले आपण राहतात. ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी मी हिला बोलावून घेतलं. तू पुढे होणार हे मला ठाऊकच होतं. म्हटलं, आमच्या केशाला मेपर्यंत जिवंत ठेव, एक शिंगरू तुझं."

सायंकाळी ६, गाव

वार्वाराला सांगितलं. तिला ऑक्टोबरपासूनच ठाऊक होतं.

येताना कुरणापाशी थांबून ते तांबडं शिंगरू नीट बघून आलो. सहांतलं सगळ्यात तगडं आहे. छाती रुंद, पाय जाड, आयाळ आत्ताच दाट. शेजारीच एक लंगडं होतं. माझ्या जिवाच्या बदल्यात दादानं लंगडं दिलं नाही. याची नोंद असावी.