आरती कोण म्हणणार

मंगळ., ३ ऑगस्ट २००४
हॉस्पिटलातून घरी. कॅन्सर होता म्हणून स्वरयंत्रच काढलं. गळ्याला भोक, त्यावर फडकं, श्वास तिथूनच. आवाज गेला तो कायमचा. डॉक्टर शेवटपर्यंत विचारत राहिले, तंबाखू? विडी? सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही कधी.
आज मारुतीच्या देवळात भजन. खिडकीतून टाळ ऐकू आले. इतकी वर्षं पहिला अभंग माझा असायचा. आज दुसऱ्या कोणी धरला. बरा गायला.

शनि., ७ ऑगस्ट
शेजारच्या काकू येऊन गेल्या. मागल्या जन्माचं कायतरी हाय, भोगायलाच लागतं, म्हणाल्या. सुनंदाने चहा दिला. त्या गेल्यावर तिने देव्हाऱ्यातले देव उचलून कपाटात ठेवले. म्हणाली, "जन्मभर त्याच्यासाठी गायलात. त्याने गळाच घेतला. माझ्या हातून आता फूल नाही."
मी पाटी घेतली. काय लिहिणार? बायको खोटं बोलत नव्हती.

रवि., ८ ऑगस्ट
अंघोळ करून देव काढले, जागेवर मांडले, पूजा केली. तिने अडवलं नाही. पण दिवसभर बोलली नाही. मी तर काय.

सोम., १६ ऑगस्ट
कामावर. शेठने माझी कारकुनी ठेवली आहे. लूमच्या खडखडाटात तिथे तसंही कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, सगळे हातवाऱ्यांनीच बोलतात. अख्ख्या भिवंडीत तेवढ्याच जागी मी बाकीच्यांसारखा. पण कापसाची धूळ! गळ्यावर ओलं फडकं धरून बसलो.

मंगळ., २४ ऑगस्ट
भजनाला गेलो. टाळ घेतले. अभंग रंगात आला आणि मला खोकला. गळ्यातून जो आवाज निघाला... पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. नंतर भजनी मंडळाच्या वसंतबुवांनी बाजूला घेतलं. म्हणाले, "मधू, उदबत्तीचा धूर तुला बाधेल रे. काही दिवस नको येऊस." खांद्यावर हात होता. तो जास्त लागला.

मंगळ., ३१ ऑगस्ट
गेलो, पण बाहेर पायरीपाशी उभा. मनात मारुतीशी भांडलो. माझं काय चुकलं ते तरी सांग. आत भजन चालू. हात जोडून घरी आलो. न जोडता येता आलं असतं. तसं करून बघितलं, जमलं नाही. का ते...

शुक्र., १७ सप्टेंबर
उद्या गणपती. सु. म्हणते, यंदा आणायचा नाही. मी पाटीवर लिहिलं, मी आणतो.
तिने वाचलं. मग म्हणाली, "आणि आरती कोण म्हणणार?"
रडली. लग्नापासून आमच्या घरात आरती माझ्याच आवाजात.

शनि., १८ सप्टेंबर
आणला. एकट्याने. चौरंग, समई, दूर्वा, सगळं मीच. निरांजन लावलं, एका हाताने घंटा, ओठ हलवत पूर्ण आरती म्हटली. माझी मला आतून नीट ऐकू आली. सु. स्वयंपाकघराच्या दारात, पदराला हात पुसत. आत आली नाही. गेलीही नाही.
नंतर विचारलं, दीड दिवस की पाच? मी पंजा दाखवला.
"पाच दिवस मी काही करणार नाही. नैवेद्याचं तुमचं तुम्ही बघा."
मान हलवली. तांदळाची पिठी काढून बसलो आहे. मोदकाची उकड कशी काढतात मला माहीत नाही. तिलाच विचारावं लागेल.