मोरघार बसली होती तेव्हा

आप्पा, मोरघारीचा तो फोटो पुढच्या महिन्यात एका प्रदर्शनात लागणार आहे, भिंतीभर मोठा करून. तो कसा काढला ते थोडक्यात लिहून द्या म्हणाले. तीन दिवस लिहितेय. दर वेळी 'वारा उलटा होता' या वाक्यापाशी येते आणि कागद बाजूला सारते. शेवटी म्हटलं, आधी तुम्हाला लिहावं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. मी आता अडुसष्टची, म्हणजे त्या दिवशी तुम्ही होतात त्याहून चौदा वर्षांनी मोठी. बिबवेवाडीत आपल्या मेथीच्या वाफ्यांवर जी इमारत उभी राहिली, तिच्याच तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय.

बँकेत लागल्यावर मी कॅमेरा घेतला तेव्हा आई चिडली होती, तुम्ही नाही. स्वारगेटच्या डेपोत वर्कशॉपच्या मागे चिंचेवर शिक्र्याचं घरटं आहे हे तुम्हीच सांगितलंत. मी रविवारी आले आणि सरळ शिडी लावली. मादी किंचाळत माझ्या डोक्यावरून गेली. तुम्ही बसखालच्या खड्ड्यातून ग्रीसने माखलेल्या हातांनी वर आलात आणि सगळ्या मेकॅनिकांसमोर म्हणालात, "खाली उतर आधी. बाळंतिणीच्या खोलीत अशी शिरतीस का तू?" मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. पण त्यानंतर आजतागायत एकाही घरट्याला शिडी लावली नाही.

मला आकाशातला पक्षी नको होता, चेहरा हवा होता. शिकारी पक्ष्याच्या भुवईचं हाड, चोचीच्या मुळाशी असलेली पिवळी कातडी, आणि डोळा. माझ्याकडच्या लेन्सला त्यासाठी वीस फुटांवर जावं लागे, आणि रानातली मोरघार माणसाला दोनशे फुटांवरही येऊ देत नाही. कात्रज घाटापलीकडच्या डोंगरात एका कड्यावर तिचं घरटं होतं, त्यात एकच पिल्लू. घरट्याकडे जाण्याआधी ती नेहमी एका ठरावीक खडकावर बसायची. त्या खडकासमोर, आत दडून फोटो काढता येईल असं लपण बांधायचं आपण ठरवलं. भंगारात निघालेल्या सीटच्या पाइपांचा सांगाडा तुम्ही केलात, वर गोणपाट, त्यावर वाळकं गवत. एकदम उभं केलं तर ती घरटं सोडेल म्हणून रोज थोडं थोडं पुढे सरकवलं, दहा दिवस. तेवढ्यासाठी तुम्ही रजा टाकली होतीत. पुस्तकात वाचलेलं मी तुम्हाला सांगितलं, की लपणाकडे दोघांनी जायचं आणि एकाने तिच्या डोळ्यांदेखत परत फिरायचं. पक्ष्याला मोजता येत नाही, त्याला वाटतं सगळी गेली.

"म्हंजी माझं काम काय, तर निघून जायाचं?" तुम्ही विचारलंत.

"हो. आणि नीट दिसेल असं जायचं."

"लई सोपं काम दिलंस की," म्हणालात. आणि खरोखरच मोठमोठ्याने खोकत, काठी आपटत, पांढरी टोपी उन्हात चमकवत उतरून गेलात. ठरलं होतं की चार वाजता तुम्ही परत येऊन हाक मारायची. तोवर मी हलायचं नाही.

मार्च महिना. नऊ वाजता मी आत शिरले, आणि दहाच्या सुमाराला लक्षात आलं की पाण्याचा कॅन तुमच्या पिशवीत राहिलाय. गोणपाटाच्या आत भट्टी झालेली. अकरा वाजले, बारा वाजले. जीभ टाळूला चिकटते आहे. मांडीवर मुंग्या चढतायत आणि मी त्या झटकू शकत नाही. आणि एकाएकी, पंखांचा आवाजही न करता, ती खडकावर आहे. लेन्समध्ये तिचं डोकं आणि मान, एवढंच मावतं, इतकी ती जवळ आहे. पण मान खाली, डोळा भुवईच्या सावलीत. डोळ्यात उजेड नसेल तर तो फोटो मेलेला. मी बोट बटणावर ठेवून वाट बघते.

तेव्हा उजवीकडच्या उतारावरून हाक आली. "बाय गं!"

तिने मान वर केली आणि उजवीकडे वळवली. डोळ्यात सगळा उजेड भरला, पिवळाधमक. मी बटण दाबलं.

हाक तुमची होती हे मला कळलं होतं. वेळेआधी तुम्ही मारणार नाही, म्हणजे काहीतरी झालंय, हेही कळलं होतं. मी स्वतःला सांगितलं, एखादा गुराखी असेल. मग सांगितलं, आत्ता बाहेर पडले तर ती बुजेल, पुन्हा घरट्याकडे फिरकणार नाही, पिल्लू उन्हात मरेल. थोड्या वेळाने दुसरी हाक आली, बारीक, शेवटी तुटलेली. मोरघार खडकावर बसलेलीच होती. मी हलले नाही. त्यानंतर हाक आली नाही. मी बाहेर आले तेव्हा पहिल्या हाकेला पाऊण तास होऊन गेला होता.

तुम्ही नेहमीच्या वाटेने आलाच नव्हतात. तिला दिसू नये म्हणून आडबाजूच्या घसरड्या उतारावरून चढत होतात. उजवा पाय अंगाखाली मुडपलेला, दोन्ही हातांनी करवंदीचं झुडूप धरलेलं, तळवे फाटलेले. टाचांखाली हातभर मुरूम, त्याखाली काहीच नाही. मी पालथी पडून तुमचं मनगट धरलं. ओढायची ताकद नव्हती, नुसती धरून ओरडत राहिले. दोन गुराखी आले नसते तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरा करत नाही. घोंगडीत घालून आम्ही तुम्हाला खाली आणलं. माझा पाण्याचा कॅन तुमच्या गळ्यात होता. भरलेला. तुम्ही एक घोटही घेतला नव्हतात.

दवाखान्यात प्लास्टर ओलं असतानाच तुम्ही विचारलंत, "आली व्हती का?"

"आली होती."

"डोळा घावला?"

"बहुतेक."

तुम्ही डोळे मिटलेत. मग म्हणालात, "तुला हाक ऐकू गेली नसंल. वारं उलटं व्हतं."

मी "हो" म्हणाले. आईला, भावाला, बँकेतल्या लोकांना, सगळ्यांना तेच सांगितलं. पाय काही धड जुळला नाही. बसखालच्या खड्ड्यात उतरणं संपलं. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं स्टोअरच्या खिडकीमागे बसून तुम्ही नटबोल्ट दिलेत. हाताला ग्रीसचा वास यायचा बंद झाला तेव्हा आई एकदा म्हणाली, आता कसे साहेबासारखे दिसता. तुम्ही हसला नाहीत.

फोटो धुऊन आला त्या संध्याकाळी तुम्ही तो खिडकीशी नेऊन पाहिलात. खूप वेळ. तिचं वळलेलं डोकं, ताठ झालेली मान, उजवीकडे रोखलेली नजर. "माझ्याकडंच बघतीय की," म्हणालात. एवढंच. फोटो माझ्या हातात दिलात, आणि माझ्याकडे न बघता चपला घालून लंगडत बाहेर गेलात. पक्ष्याला ऐकू गेलं तर वीस फुटांवरच्या पोरीला कसं गेलं नाही, हे तुम्ही त्यानंतर सतरा वर्षांत कधीच विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी काय सांगितलं असतं, माहीत नाही. तुम्ही विचारू नये म्हणून मी मात्र पुष्कळ जपले. तुमच्यासमोर त्या डोंगराचं नाव काढलं नाही. औषधं वेळेवर आणली.

हा कागद कुणाला द्यायचा नाहीये. प्रदर्शनवाल्यांसाठी दुसरा लिहीन, त्यात लपण असेल, लेन्स असेल, दहा दिवसांची मेहनत असेल, आणि बहुधा वाराही असेल. पण इथे, वर, मी तुम्हालासुद्धा एक खोटं लिहिलंय. दुसऱ्या हाकेच्या वेळी मोरघार खडकावर नव्हती. ती केव्हाच उडून गेली होती. समोर नुसता खडक होता, ऊन होतं, आणि तुमची हाक अगदी स्वच्छ ऐकू येत होती. रोलमध्ये अजून सात फोटो शिल्लक होते, आप्पा. ती परत येईल म्हणून मी थांबले.