कूलरच्या खिडकीतले मुंगळे

बाबा, त्या खिडकीचं लाकूड चांगलं होतं. साग होता, अस्सल होता, आणि वाढईकाकांनी तुम्हाला फसवलं नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे सांगून काही बदलणार नाही, हे मला कळतं. पण ज्याला सांगायचं तोच राहिला नाही म्हणून गोष्ट पोटात पचत नाही, तेव्हा लिहायला बसले आहे.

झालं असं की माझ्या चंद्रपूरच्या घरात मागच्या खोलीच्या खिडकीत कूलर आहे. इथला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, कूलर सुरू झाला की पावसापर्यंत बंद होत नाही. यंदा त्या खिडकीखाली रोज सकाळी भुशाची लहानशी ढिगली दिसायला लागली. मी झाडून टाकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. एकदा चष्मा लावून नीट पाहिलं, तर भुसा जाडसर, आणि त्यात मुंगळ्यांचे तुटके पाय, एखादा पंख. चौकट वाजवून पाहिली तर वर टणक आणि खाली पोकळ. दिवेलागणीला कोपऱ्यातल्या फटीतून मोठे काळे मुंगळे ओळीनं बाहेर पडत होते. मला वाटलं घराला उधई लागली, म्हणून औषध मारणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं पेचकसानं फट मोठी केली आणि म्हणाला, "बाई, उधई नाई हे. उधई लाकूड खाते अन् जाईल तिथी मातीची नळी करते. इथी माती दिसून राह्यली का तुम्हाले? मुंगळे लाकूड खात नाईत. पोखरून अंदर घर करतात अन् भुसा बाहेर फेकतात. ओल्या लाकडात त्याइले सोपं जाते. पाणी कुठून येऊन राह्यलं ते पाहा पह्यले." आतले बोगदे रंधा मारल्यासारखे गुळगुळीत होते. पाणी कुठून येतं ते वेगळं शोधायची गरज नव्हती. कूलरमधून ओघळ येत होता आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात मुरत होता. तो माणूस पुढे काहीतरी सांगत होता, पण माझं लक्ष नव्हतं. मला आपल्या सावली गावातल्या घराची समोरची खिडकी दिसत होती, आणि तिच्यासमोर मान खाली घालून उभे असलेले वाढईकाका.

तुम्ही शाळेत मास्तर आणि ते सुतार. आपल्याकडे सुताराला वाढई म्हणतात म्हणून माझे ते वाढईकाका, तुमचे मात्र भाऊ. तुम्ही घरात फारसं बोलत नव्हता, हे आता म्हणायला हरकत नाही. पण ते आपल्या अंगणात घराच्या चौकटी करत होते तेव्हा तुम्ही शाळेतून आलात की शर्टही न बदलता त्यांच्याजवळ ओंडक्यावर बसायचात, आणि रंध्याच्या आवाजात तुमचा आवाज मिसळून जायचा. मी दारातून पाहत राहायची. माझे बाबा इतकं बोलू शकतात याचं मला नवल वाटायचं, थोडा हेवाही वाटायचा. नव्या घरात बुद्धवंदना झाली त्या दिवशी तुम्ही त्यांना सगळ्यांच्या पुढे बसवलंत.

मग तुम्ही ब्रह्मपुरीहून जीपच्या टपावर बांधून कूलर आणलात. आपल्या गल्लीतला पहिला कूलर. तुमची ऐट अशी, की जणू तो तुम्हीच बनवला. समोरच्या खिडकीत बसवला आणि पाणी भरायचं काम माझ्याकडे आलं. चौकटीवरून दिवसभर पाणी ओघळायचं, आई कुरकुरली तर तुम्ही म्हणायचात, "गळू दे, तेवढाच गारवा राह्यते." दोनतीन उन्हाळे असेच गेले. मग तिथेही खिडकीखाली भुसा दिसायला लागला, आणि तो तुम्ही माझ्या नावावर घातलात. "पेन्सिल छिलाले आंगण नाई का तुले?" मी म्हटलं, माझा नाही. तुम्ही म्हणालात, वरून तोंड नोको चालवू. आईला मुंगळे दिसत होते. पण काळ्या मुंगळ्यांना आपल्याकडे कोण भितं? "चावत नाई काही नाई, राहू दे त्याइले," म्हणून ती खिडकीखालून झाडू फिरवायची. आपल्या घरात केर म्हणून राहत नव्हता, त्यामुळे खिडकी जे रोज सांगत होती ते आम्ही रोज झाडून बाहेर टाकलं.

एका पावसाळ्यात खिडकीचा पल्ला बिजागरीसकट हातात आला. तुम्ही चौकटीत पेचकस घातलात तर तो मुठीपर्यंत आत गेला. तुम्ही उधईची माती शोधलीत, खूप शोधलीत. माती नव्हती. तुम्हाला लाकडाचा एकच शत्रू ठाऊक होता, आणि तो तिथे नाही म्हटल्यावर लाकूडच खोटं ठरलं, आणि लाकूड खोटं तर माणूसही खोटा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, तसं झालं. काकांना बोलावून तुम्ही भर गल्लीत म्हणालात, "साग म्हणून मले काय लावून देलं, भाऊ? इतक्या विश्वासानं भाऊ म्हणत होतो तुले." त्यांनी चौकटीवर तळहात ठेवला आणि ते निघून गेले. तुम्ही तिथे लोखंडी खिडकी बसवलीत. माझ्या लग्नात त्यांना पत्रिका गेली नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या मातीला मात्र ते आले होते, मागे भिंतीशी उभे होते. चहा न घेताच गेले.

आता मी कूलर बाहेर लोखंडी स्टँडवर ठेवला आहे, चौकटीपासून दूर, आणि त्याचं सांडपाणी नळीनं झाडांना सोडलं आहे. सडलेला तुकडा कापून काढला, उरलेलं लाकूड ऊन दाखवून कोरडं केलं, छपराला टेकलेली पेरूची फांदी छाटली. त्या माणसानं वरून फवारलंही नाही. फवारलं तर मुंगळे पांगतात आणि दुसरीकडे घर करतात म्हणाला, म्हणून आमिषात औषध घालून ठेवलं. बस, एवढंच होतं, बाबा. एवढ्यासाठी तुमचा एकुलता एक मित्र गेला. मला तुमचा राग आला आणि तुमची कीवही आली, कारण त्यानंतर अंगणात तुमचा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

मागच्या रविवारी सावलीला गेले. काका आता फार थकले आहेत, मुला-सुनेजवळ असतात. "कोण वं? मास्तरची पोरगी व्हय?" म्हणाले आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी मी आधी धानाचं, तब्येतीचं विचारत बसले. मग एकदाचं सगळं सांगितलं, कूलर, पाणी, मुंगळे. त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. "मी बी तसंच समजलो, पोरी," ते म्हणाले, "का आपली नजर चुकली. त्याच्यानंतर मी कोनाच्याच घराचं लाकूड निवडलो नाई. दुसऱ्यानं निवडून देलं का रंधा मारून देत होतो." मला वाटलं होतं ते तुमच्यावर रुसले असतील. ते स्वतःवरच रुसले होते, जन्मभर.

मग त्यांनी विचारलं, "मास्तरले मालूम झालं होतं का हे?" आणि मी हो म्हटलं. आजारपणात तुमच्या लक्षात आलं, असं सांगितलं. त्यांनी सुनेला हाक मारली, "आयकलं का वं, मास्तर म्हणला का लाकूड चांगलं होतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अजून काय म्हणला?" त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला थांबता आलं नाही. बाबांना भाऊची फार आठवण यायची, म्हटलं. उगीच बोललो म्हणायचे. मनात असायचं, तोंडातून निघायचं नाही म्हणायचे. आजारपणात तुम्ही त्यांचं नावही काढलं नव्हतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते: बोलता बोलता हे काकांसाठी सांगते आहे, हेच मी विसरले होते. तुमच्या तोंडी घातलेलं ते सगळं मला तुमच्याकडून माझ्यासाठी ऐकायचं होतं.