पाकिटातल्या दोन गोळ्या

॥ श्री गणपती प्रसन्न ॥

तासगाव
शनिवार, १४ मार्च २०२६

सौ. लीलाबाई विहीणबाईंना तासगावच्या मनूचा वाकून नमस्कार. मुलाच्या आईनं मुलीच्या आईपुढं वाकायचं नसतं म्हणतात, पण आज वाकायला कारण आहे. ते पुढं येईल. आधी घरचं सांगते.

तुमची लेक संयोगिता ठणठणीत आहे. दोन वेळा पोटभर जेवते आणि मधल्या वेळात माझी नजर चुकवून शेडवर जाऊन बेदाणा खाते. बाळ लय लाथा मारतंय. इंद्रजित म्हणतो कबड्डी खेळणार, मी म्हणते आधी बाहेर तर येऊ दे. उद्या इंद्रजित तुमच्याकडं कोयनानगरला येतोय, त्याच्या हाती बेदाण्याचा डबा देते आहे. डबा तुमच्याच हातात द्यायचा असं त्याला बजावलंय, कारण डब्यात वरच हे पत्र आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर तुमचा फोन व्याही उचलतात आणि उचलल्या उचलल्या स्पीकरवर टाकतात. मग आपलं बोलणं आख्ख्या कॉलनीला ऐकू जातं.

माझी तब्येत चांगली आहे. हृदय जरा सुस्त झालंय आणि पायात पाणी साठतं म्हणून डॉक्टरांनी मला लघवीवाटे पाणी काढायची गोळी दिलीय, ते तुम्हाला ठाऊक आहेच. रोज सकाळी वजन करायचं, एकदम वाढलं तर कळवायचं, असंही सांगितलंय. घरात काटा नाही. मग इंद्रजितनं मला शेडवर नेऊन बेदाण्याच्या पेट्या मोजायच्या काट्यावर उभं केलं. आता रोज सकाळी निवडायला आलेल्या बायका कामं सोडून बघत बसतात. भामाबाई विचारते, "आज किती पेट्या भरल्या, मालकीणबाई?" मी सांगते, चार पेट्या आणि वर थोडा चुरा. परवा चुरा वाढला तर तिनंच डॉक्टरांना फोन लावायला लावला.

आता इतकं गोळीचं बोलले, तर पुढचंही बोलते.

डोहाळजेवणाला तुम्ही आलात त्या दिवशीची गोष्ट. घाट उतरून, दोन एसट्या बदलून, दिवसभर पाय लोंबकळत ठेवून आलात. पाय असे सुजले होते की नवी चप्पल चढेना. तुम्ही म्हणालात, "आवं, लेकीच्या कार्यात फोटोत मी अनवानी दिसू व्हय?" मला लग्नातलं आठवलं. मांडवात तुम्ही चांदीच्या ताटात माझे पाय धुतले होते आणि मी मानानं बसून राहिले होते. तेव्हापासून मनात होतं, एकदा या बाईच्या पायांची सेवा आपल्या हातून व्हावी. मग काय, माझ्याच पाकिटातली एक गोळी काढून तुम्हाला दिली. "माझे पाय उतरतात, तुमचेबी उतरतील." दुपारपर्यंत चप्पल चढेना म्हणून आणखी एक दिली. कुणाला विचारलं नाही, तुम्ही घरी कसल्या गोळ्या घेता तेही विचारलं नाही. विहिणीचा मान करताना कसली चौकशी करायची, असं वाटलं.

चप्पल चढली. ओटी भरून झाली, फोटो झाले. मग लेकीला हौसेनं शेड दाखवायला निघालात, खुर्चीवरून झटकन उठलात आणि बेदाण्याच्या क्रेटवर कोसळलात.

कोण म्हणालं ऊन लागलं, कोण म्हणालं दृष्ट लागली. लीलाबाई, तुमची दृष्ट मीठ-मिरच्यांनी मीच काढली. मिरच्या जळल्या तेव्हा ठसका लागला म्हणून मी डोळे पुसले, असं सगळ्यांना वाटलं. डोळे खरे कशानं भरून आले ते तुम्हाला आणि मलाच माहीत. शुद्धीवर आल्यावर तुम्ही माझा हात दाबून म्हणालात, "गोळीचं कुणाला बोलू न्हका. विहिणीच्या घरात औषधं मागून खाल्ली म्हणून हे मला वर्षभर बोलतील." मी लगेच शपथ घेतली. सलाईन लावायला आलेल्या डॉक्टरांनाही आपण दोघींनी काही सांगितलं नाही.

परवा माझ्या डॉक्टरीण क्षमा मॅडमकडं तपासायला गेले. त्या पाकीट बघतात. म्हणाल्या, "मनुबाई, दोन गोळ्या कमी कशा?" मी म्हटलं हरवल्या. त्या म्हणाल्या, "दोनच कशा हरवल्या?" त्यांच्यापुढं खोटं टिकत नाही. सगळं सांगितलं. जन्मात कुणी बोललं नसेल इतकं त्या मला बोलल्या. ही गोळी माझं रक्त तपासून, माझ्या हृदयाच्या आणि किडनीच्या मापानं दिलेली आहे, ती दुसऱ्याच्या पायांना मोजून दिलेली नाही. मग तुमच्या बीपीच्या गोळीचं नाव त्यांनी संयोगिताकडून फोनवर विचारून घेतलं. त्या गोळीत आधीच पाणी काढायचं औषध आहे. म्हणजे एकाच दिवशी तुमच्या अंगातलं पाणी तीन गोळ्यांनी ओढलं, आणि पाण्याबरोबर रक्तातलं मीठही जातं. त्यावर भर उन्हात झटकन उठलात. बसून, दमानं उठायचं असतं, हे मॅडमनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते तेवढं मी तुम्हाला सांगितलं नाही.

आता मंगळवारी साताऱ्याला तुमच्या हृदयाची नळी घालून तपासणी आहे. चक्कर कशानं आली ते डॉक्टर शोधतायत, आणि त्यांना दोन गोळ्यांचं माहीतच नाही. तपासणी करायची की नाही ते तेच ठरवतील. पण आत जायच्या आधी त्यांना हे कळलंच पाहिजे, असं मॅडमनी मला तीनदा सांगितलं. तुमच्या रोजच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढं ठेवा.

एवढ्यावर पत्र संपवणार होते. पण एक राहिलंय, आणि ते गोळीपेक्षा वाईट आहे.

तुम्ही पडलात तेव्हा व्याही म्हणाले, हिचंच आता बघावं लागेल, पोरीचं बाळंतपण तासगावातच होऊ दे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पोरगी मोरीत जाऊन रडली, मी बाहेरून ऐकलं. आणि मला बरं वाटलं, लीलाबाई. नातवंडाचं तोंड आधी मी बघणार, पहिली अंघोळ मी घालणार, म्हणून मला बरं वाटलं. पाळण्याला नवी दोरीसुद्धा आणली. तुमची शपथ हे मला नुसतं निमित्त झालं. दोन आठवडे मी त्याच्या आड गप्प बसले. याची मला लाज वाटते.

आज घरातही शपथ मोडली. इंद्रजितला मघाशीच सगळं सांगितलं. तो माझ्याशी बोलत नाही, पण जेवला. उद्या संध्याकाळी मी फोन करीन. व्याह्यांना उचलू दे, स्पीकरवर टाकू दे, कॉलनी ऐकू दे. गोळी तुम्ही मागितली नव्हती, मी दिली, हे मी माझ्या तोंडानं सांगणार आहे. मंगळवारी सकाळी साताऱ्याला मीही येते. माझी गोळी सकाळची असते आणि एसटी मधे थांबत नाही, म्हणून त्या दिवशी ती कधी घ्यायची ते मॅडमना विचारून ठेवलंय. या वेळी विचारलं, बघा.

डॉक्टर हो म्हणाले की पोरगी तुमच्याकडं येईल. तिची बॅग भरायला घेतली आहे. पाळण्याची दोरी बॅगेच्या तळाशी ठेवली आहे, तुमच्या कोयनेच्या घरी बांधा. पहिली अंघोळ तुम्ही घाला. मी बाराव्या दिवशी बारशाला येईन आणि माझ्या गोळ्या माझ्याच पिशवीत ठेवीन.

तुमचे पाय धुवायचे अजून राहिलेत. ते या वेळी नुसत्या पाण्यानं धुईन.

लेक तुमची तुम्हाला परत करणारी,
मनू